मधली जागा

अक्का गेल्याचं मला ऋतुजानं कळवलं. मला, तिच्या सख्ख्या बहिणीला, एका परक्या मुलीनं. सहा आठवडे झाले, रडून झालं, कार्य झालं, पण हा राग काही केल्या जात नाही, म्हणून आधी तोच लिहून टाकते. सकाळी पावणेआठला तिचा पहिला फोन आला, “मावशी, अक्कांच्या छातीत दुखतंय, मी त्यांना हॉस्पिटलला घेऊन निघालेय, तुम्ही डायरेक्ट तिकडेच या.” मी होते तशी टॅक्सीत बसले आणि मारतहळ्ळीच्या पुलाखाली अडकले. पुढं बस, मागं बस, दोन्हीकडं स्कूटरवाले. ड्रायव्हरला म्हटलं, बाबा, काहीतरी कर. तो म्हणाला, “स्वल्प जाम, मॅडम,” आणि त्यानं गाडीच बंद केली. तिथंच दुसरा फोन आला. मी पोचले तेव्हा ऋतुजा बाकावर बसली होती, अक्काचा चष्मा आणि दोन बांगड्या रुमालात बांधून. फॉर्मही तिनंच भरला होता. नात्याच्या रकान्यात तिनं ‘मैत्रीण’ लिहिलं होतं, आणि ते वाचून, अक्का आत तशी निजलेली असताना, मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? जळफळाट. खोटं कशाला लिहू!

अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. नाव कमल, पण घरात, ऑफिसात, गल्लीत सगळ्यांची अक्काच. चिक्कोडी तालुक्यातलं कृष्णेकाठचं आमचं गाव सोडून ती बंगळूरला आली ती एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून, आणि निवृत्त झाली तेव्हा त्याच कचेरीत तिच्या टेबलासमोर लोक उभे राहून बोलायचे. लग्न केलं नाही. का नाही, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि विचारायची आमची टाप नव्हती. कोरमंगलाच्या एका मागच्या गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती तीस वर्षं राहिली. माझं लग्न झालं, नवऱ्याला बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा या शहरात माझ्या ओळखीचं म्हणून एकच घर होतं. माझी दोन्ही बाळंतपणं त्या दोन खोल्यांत झाली. अक्का ऑफिसातून यायची, हातपाय धुवायची आणि मांडीवर पोर घेऊन मला म्हणायची, “झोप की गं तू घटकाभर.” तिच्यावर माझा हक्क आहे आणि तो कायमचा आहे, असं मी धरूनच चालले होते. मारतहळ्ळीत फ्लॅट घेतल्यावर अंतर वाढलं, पण रविवार तिचा, हे ठरलेलं होतं.

मग ऋतुजा आली. पुण्याची, सव्वीस वर्षांची, कसल्याशा स्टार्टअपमध्ये कामाला. अक्काच्या वरच्या मजल्यावर मुलींचं पीजी होतं. एक दिवस पाणी गेलं म्हणून ही बादली घेऊन खाली आली. अक्कानं पाणी दिलं, वर भाकरी आणि शेंगांची चटणी दिली, आणि त्यानंतर ती मुलगी खाली उतरली की वर जाईचना. पुढं पीजी बंद झालं तेव्हा तिनं वरचीच एक खोली स्वतंत्र भाड्यानं घेतली. दोन-तीन महिन्यांत ती माझ्या बहिणीला ‘अक्का’ म्हणायला लागली होती. पुण्यात कुणाच्या घरी कोण अक्का म्हणतं? तिच्या तोंडी ते ‘अहो अक्का’ ऐकलं की माझ्या कपाळाची शीर उडायची. रविवारी मी जायची तेव्हा माझ्या नेहमीच्या खुर्चीत लॅपटॉप उघडा असायचा. ती तत्परतेनं उठायची, “बसा ना मावशी,” म्हणायची. माझ्याच बहिणीच्या घरात मला पाहुणचार!

बोटींचं वेड त्या दोघींना कसं लागलं तेही सांगते. ऋतुजाला चार सुट्ट्या लागून मिळाल्या, मैत्रिणी ऐनवेळी फिरल्या, आणि तिनं अक्काला विचारलं, केरळात आलप्पुळाला येता का? तिथं सगळे जातात तसं एक दिवस हाउसबोटीत राहायचं, फोटो काढायचे, असा तिचा बेत. अक्का धक्क्यावर उतरली, त्या गाद्यागिरद्यांच्या बोटींकडं तिनं एकदा पाहिलं आणि तिकीटखिडकीत जाऊन विचारलं, इथल्या माणसांची बोट कुठली? ती होती कोट्टायमला जाणारी सरकारी बोट. लाकडी बाकं, बाजू उघड्या, पाऊस आला तर खाली ओढायचे पडदे. अडीच तास. त्या अडीच तासांचं वर्णन मी अक्काच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की मी ती बोट एकदाही न पाहता चित्र काढून दाखवीन. मोठा तलाव ओलांडून बोट अरुंद कालव्यात शिरते, दोन्ही काठांवर घरांच्या मागच्या पायऱ्या पाण्यात उतरलेल्या, पायरीवर बाई भांडी घासतेय, ती हात वर करते आणि बोट तिच्या दारात थांबते. थांबायचं, निघायचं ते सगळं घंटेवर. कंडक्टर दोरी ओढतो, मागं चालवणाऱ्याला कळतं. कालव्यावरचे चिमुकले पूल एक माणूस दोर ओढून वर उचलतो, बोट खालून जाते, तो पुन्हा खाली सोडतो. शाळेच्या मुली, मासळीच्या टोपल्या, कोर्टाच्या कामाला निघालेला म्हातारा, सायकलीसकट चढणारा... “विजू, बस आपल्याला नेती,” अक्का म्हणायची, “पण बोट वाट बघती गं. धावत येणारं माणूस दिसलं की थांबती.”

मग दर वर्षी एक तरी. शरावतीच्या जलाशयात माणसं, बस, जीप सगळं एकदम घेऊन जाणारी लाँच. आता तिथं पूल झालाय, ते कळलं तेव्हा अक्का दोन दिवस घुम्म होती. ब्रह्मपुत्रेतल्या मोठ्या बेटावर नेणारी फेरी, जिच्या टपावर मोटरसायकली बांधलेल्या. गोव्यात एका बेटावरून दुसऱ्या काठावर दहा मिनिटांत नेणारी फेरी, जिच्यात ती सकाळभर नुसती इकडून तिकडं करत बसली. तिचे नियम होते. सहलीची बोट नाही, रोज जाणाऱ्यांचीच. डबा घरचा. फोनवर वेळा पाहायच्या नाहीत, धक्क्यावरच्या माणसाला विचारायचं. दशम्या, चटणी, पाण्याची बाटली आणि बसायला आईच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळीचा एक तुकडा. तो तुकडा आईच्या वाटण्यांत तिनं मागून घेतला होता, आणि ऋतुजा त्याच्यावर बसायची.

फोटो यायचे. मी ते रात्रंदिवस मोठे करून करून पाहायची. सगळे एकाच तऱ्हेचे. बाकाच्या एका टोकाला अक्का, दुसऱ्या टोकाला ती पोरगी, वारा दोघींच्या केसांत, आणि मध्ये काहीतरी नारिंगी गाठोडं. ते गाठोडं म्हणजे पाण्यात पडलं तर तरंगायला घालतात ते जॅकेट, हेही मला ठाऊक होतं, कारण एरवी ते अक्काच्या आतल्या खोलीत दारामागं खुंटीवर टांगलेलं असायचं. माझ्या नजरेत ते सलायचं. तिच्या दारामागं आतापर्यंत दोनच गोष्टी असत, तिची छत्री आणि मी तिला विणून दिलेला स्वेटर. स्वेटर आता कपाटात गेला होता. ह्या मुलीची चीजवस्तू माझ्या जागी लटकतेय, एवढंच मला दिसलं. कुणाचं आहे गं ते, असा एक साधा प्रश्न मी अकरा वर्षांत विचारला नाही. विचारला असता तर मला जळता आलं नसतं.

आणि फोन. दर वर्षी निघायच्या दोन दिवस आधी अक्काचा फोन यायचा. “विजू, परवा निघतो गं आम्ही. तुला काय म्हणायचं असलं तर म्हण.” मी म्हणायची, “मी काय म्हणणार? जा, मजा करा.” मग ती थोडी थांबायची... पलीकडून तिचा श्वास ऐकू यायचा... “सरी,” म्हणायची, म्हणजे कन्नडमधलं ‘बरं’, आणि फोन ठेवून द्यायची. मला वाटायचं, ही खिजवतेय. ये म्हणत नाही, नुसतं जातो म्हणून सांगते. एक वर्ष तर मी म्हटलंही, “मला सांगून कशाला जाता? मी काय परवानगी देणारी बाई आहे?” त्यावरही तिनं “सरी” म्हणून फोन ठेवला. त्याच वर्षी ऋतुजानं मला वेगळा फोन केला होता, “मावशी, तुम्ही पण चला ना आमच्याबरोबर, अक्कांना खूप आवडेल.” म्हणजे माझ्या बहिणीकडं यायचं आमंत्रण मला ही देणार! मी म्हटलं, “मला पाण्याची हौस नाही, आणि अक्काला मी हवी असेन तर अक्काला तोंड आहे.” तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

पाण्याची मला भीती वाटते हे मात्र खरं. आमच्या गावासमोर कृष्णा, आणि पलीकडच्या काठावर मामाचं गाव. जायचं ते नावेतून. नावाडी होता भीमाण्णा. अक्का काठावर उभी राहून तोंडाशी हात धरून अशी हाक घालायची की तो पलीकडं झोपला असला तरी उठायचा. नावेत ती कडेला बसायची आणि मला मध्ये बसवायची, स्वतःच्या आणि सामानाच्या मध्ये, म्हणजे मला पाणी दिसू नये. मी नऊ वर्षांची असताना, श्रावणात नदी भरलेली असताना, मामाकडून परत येत होतो. कुणाची तरी शेळी बिथरली, माणसं एका अंगाला सरली आणि नाव अशी कलली की पाणी माझ्या मांडीपर्यंत आत आलं. बुडालं कुणी नाही. अक्कानं माझी वेणी मनगटाला गुंडाळून धरली होती. काठाला लागल्यावर मी चिखलात लोळून खूप आकांडतांडव केलं, एवढं आठवतं. काय काय बोलले ते आठवत नव्हतं. त्यानंतर मामाकडं जायचं तर आम्ही दोघी बसनं जायचो, लांबच्या पुलावरून वळसा घालून, सकाळी निघून दुपारी पोचायचो. नाव समोरून जाताना अक्का बसच्या खिडकीतून मान वळवून वळवून तिच्याकडं बघायची. मला त्या वयात त्याचं काहीच वाटलं नाही.

अस्थी कृष्णेतच, आमच्याच काठावर सोडायच्या, असं अक्का बोलून गेली होती. आम्ही गेलो, मी, माझा मुलगा संदीप, आणि अर्थात ऋतुजा. तिला येऊ नकोस कसं म्हणणार? काठावर पाणी उथळ होतं. नावाडी, भीमाण्णाचा नातू, म्हणाला मधल्या धारेला सोडायला पाहिजे. संदीप नावेत चढला. मी एक पाय उचलला, फळी हलली, आणि साठी ओलांडलेली मी पुन्हा नऊ वर्षांची झाले. पाय पुढं जाईचना. संदीप म्हणाला, “आई, राहू दे, तू इथंच थांब.” आणि मग मडक्याला हात लावायला दुसरं कुणी तरी हवं म्हणून ऋतुजा चढली. म्हणजे शेवटच्या वेळीही तेच. अक्का नावेत, ऋतुजा नावेत, मी काठावर. नाव धारेपर्यंत जाताना मी बघत होते आणि माझ्या मनात अक्कासाठी एक शब्द नव्हता, लिहायला लाज वाटते, सगळं मन त्या मुलीच्या ओल्या झालेल्या ओढणीवर खिळलं होतं.

ती उतरून आली, पोटऱ्यांपर्यंत भिजलेली, डोळे सुजलेले. मी म्हटलं, “झालं तुझं समाधान? शेवटपर्यंत तूच.”

अकरा वर्षांत मी तिला कधी चिडलेली पाहिली नव्हती. ती माझ्यासमोर उभी राहिली. “मावशी, मला किती वैताग यायचा तुमचा, माहितीये? प्रत्येक बोटीत, प्रत्येक वेळी. चांगली मोकळी जागा असायची, पण मधली जागा तुमची. तिथे ते जॅकेट ठेवायचं. माणसं उभी असली की अक्का स्वतः उठून जागा देणार, मला उठायला लावणार, पण ती मधली जागा शेवटी रिकामी करणार. मी अक्कांच्या शेजारी एकदाही बसले नाहीये. आणि तुम्हाला एक शब्द म्हणायला जमला नाही. ‘सुटली’, एवढंच म्हणायचं होतं.”

“काय सुटली?”

“तुम्हाला आठवतच नाही?”

आमच्या लहानपणी शपथ घालायची म्हणजे आपल्या गळ्याची कातडी चिमटीत धरायची आणि समोरच्याला सांगायचं, तुला माझ्या गळ्याची शपथ. ती मोडली तर ज्याचा गळा त्याचा जीव जातो. आणि सोडवायची तर ज्यानं घातली त्यानंच, आपल्या तोंडानं, आपण होऊन, ‘सुटली’ म्हणायचं. दुसऱ्यानं म्हणून चालत नाही, मागून घेऊनही चालत नाही. चिंचेसाठी, गोट्यांसाठी, दिवसातून दहा वेळा आम्ही ती घालायचो आणि सोडायचो. त्या दिवशी चिखलात बसून मी गळा धरला होता आणि अक्काला म्हटलं होतं, तुला माझ्या गळ्याची शपथ, पुन्हा मला बोटीत नावेत कशात बस म्हणशील तर. आणि ती सोडवायची राहून गेली. एवढंच झालं. मी विसरले, ती विसरली नाही.

हे सगळं तिनं ऋतुजाला शरावतीच्या लाँचमध्ये सांगितलं होतं. ऋतुजा हसली होती, “अक्का, तुम्ही गव्हर्नमेंट सर्व्हंट, आणि हे मानता?” अक्का म्हणाली होती, “खरं-खोटं देवाला ठाऊक. पण गळा विजूचा हाय. त्याच्यावर मी करून बघू व्हय?” म्हणून ती ये म्हणत नव्हती. ऋतुजाला विचारायला सांगणं हीसुद्धा पळवाट झाली असती. ऋतुजानं मला फोन केला तो अक्काला न सांगता, आणि कळल्यावर अक्का तिच्यावर आठवडाभर रागावली होती. तिच्या हातात उरलं होतं ते एकच, दर वर्षी फोन करून म्हणायचं, तुला काय म्हणायचं असलं तर म्हण. आणि वाट बघायची. माझ्या गळ्याला अकरा वर्षं जपत ती बसली आणि मी त्याच गळ्यानं तिला टोमणे मारले... मी त्या काठावर मटकन बसले. संदीपला वाटलं चक्कर आली. ऋतुजानं बाटली पुढं केली आणि मी ती तिच्या हातून घेऊन प्यायले.

बंगळूरला परतल्यावर आठ दिवसांनी कोरमंगलाच्या खोल्या रिकाम्या करायला गेलो. भांडी, पुस्तकं, बोटींच्या वेळा लिहिलेली वही, हे ऋतुजा खोक्यात भरत होती. मी आतल्या खोलीचं दार लोटलं. ते तिथंच होतं, खुंटीवर, छत्रीच्या शेजारी. काढलं तर आतल्या बाजूला अक्काच्या वळणदार अक्षरात शाईनं लिहिलेलं, विजू. अकरा वर्षं माझ्या नाकासमोर ते लटकत होतं आणि मी ते उलटून पाहिलं नाही. मी हात घातले. म्हटलं, घेतलं तेव्हाच्या मापाचं असणार, आता मला कुठलं बसतंय. माझा घेर कुणापासून लपलेला नाही. पट्टा ओढला आणि बक्कल पहिल्याच झटक्यात टक्कन बसलं.

दारात ऋतुजा उभी होती. “दर वर्षी निघायच्या आधी अक्का पट्टा थोडा सोडायच्या,” ती म्हणाली. “‘विजू यंदा जाड झालीया,’ असं म्हणत.”

मला हसू आलं. रविवारी मी जेवायला बसायची तेव्हा अक्का माझ्याकडं बघायची ती यासाठी! मी तिथंच, ते नारिंगी जॅकेट घालून, रिकाम्या खोलीत उभी राहून गळ्याची कातडी चिमटीत धरली आणि मोठ्यानं म्हटलं, “सुटली.” ऐकणारी गेली होती, नियमात ते बसतं की नाही मला माहीत नाही. ऋतुजानं तोंड फिरवलं आणि ती खोकी भरायला गेली.

ती आता दर रविवारी माझ्याकडं येते. पुढच्या महिन्यात आलप्पुळाला जाऊ या म्हणते. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही, फळी हलली की माझं काय होतं ते मला ठाऊक आहे. वाकळीचा तुकडा मी तिला देऊन टाकला, वहीही दिली. जाताना तिनं चाचरत विचारलं, आठवण म्हणून ते जॅकेट मी ठेवू का? मी स्पष्ट नाही म्हटलं. अकरा वर्षं तिला मिळाली, मला एवढंच मिळालंय. ते आता मारतहळ्ळीत माझ्या दारामागं टांगलेलं असतं. संध्याकाळी घरात कुणी नसलं की मी ते एकदा अंगात घालते. या सहा आठवड्यांत अन्न गेलेलं नाही, मी बरीच उतरलेय, ते सैल होतं. पट्टा मात्र मी आवळलेला नाही. तो अक्कानं सोडून ठेवलाय तिथंच आहे.